किती पट? आणि कोठून?

कला शाखेत प्रवेश घेताना आपल्यापैकी पुष्कळांनी गणिताचा कायमचा निरोप घेतलेला असतो. मीही घेतला होता. पण भूगोलाच्या प्रात्यक्षिकांच्या तासाला तो निरोप फार काळ टिकत नाही. नकाशा समोर आला की प्रमाण आले, प्रमाण आले की गुणोत्तर आले, आणि गुणोत्तराच्या पाठोपाठ शाळेत सोडून आलेली समरूपता व निर्देशक भूमिती पुन्हा दारात येऊन उभी राहते. गेल्या दोन वर्षांत या जुन्या पाहुण्यांशी माझी बरी ओळख झाली. त्यांच्याकडून शिकलेल्या एकाच प्रश्नाविषयी मी येथे लिहिणार आहे. प्रश्न असा: एक आकृती ही दुसरीची मोठी किंवा लहान केलेली प्रत आहे, एवढे आपल्याला ठाऊक आहे, तर ती किती पट मोठी किंवा लहान केली, हे आलेखकागदावर कसे शोधायचे?

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. नवी लांबी घ्या, जुन्या लांबीने भागा, झाले! उत्तर खरोखर एवढेच आहे. तरीही या एवढ्याशा भागाकारात माणूस दोन ठिकाणी फसतो. पहिल्या ठिकाणी फसला तर परीक्षेत गुण जातात. दुसऱ्या ठिकाणी फसला तर काय होते, ते माझ्या आजोळच्या गावी मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती हकीकत पुढे येईल. आधी मूळ कल्पना समजून घेऊ.

त्यासाठी एक दिवा लावू. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातले कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे उजेड असतो, उजेड आणि पडदा यांच्यामध्ये बाहुली असते आणि प्रेक्षकांना पडद्यावर तिची सावली दिसते. आता समजा, आपण घरीच असा पडदा बांधला आणि त्याच्यामागे ६ फुटांवर एक लहानसा दिवा ठेवला. बाहुली पडद्याला समांतर, दिव्यापासून ४ फुटांवर धरली, तर सावली बाहुलीच्या ६ भागिले ४, म्हणजे दीडपट पडेल. तीच बाहुली दिव्याकडे सरकवून २ फुटांवर आणली, तर सावली ६ भागिले २, म्हणजे तिप्पट होईल. पडद्याला अगदी टेकवली, तर बाहुली आणि सावली एकाच मापाच्या. बाहुलीचे नाक, हात, मुकुट सगळे एकाच पटीत वाढते; म्हणून सावली कितीही मोठी झाली तरी चेहरा ओळखू येतो.

या खेळात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. सावलीतला प्रत्येक बिंदू, बाहुलीवरचा त्याचा जोडीदार बिंदू आणि दिवा हे तिन्ही एकाच सरळ रेषेत असतात. आणि दिव्यापासून सावलीचा बिंदू जितका दूर, त्याला बाहुलीवरच्या बिंदूच्या अंतराने भागले, की प्रत्येक वेळी तीच संख्या येते. आकृती मोठी वा लहान करण्याच्या या क्रियेला इंग्रजी पाठ्यपुस्तकांत डायलेशन म्हणतात. मी तिला विस्तारण म्हणते. आकृती लहान होत असली तरीही शब्द तोच. दिव्याची जी जागा, ते विस्तारणाचे केंद्र. आणि जी संख्या प्रत्येक वेळी तीच येते, तिला इंग्रजीत स्केल फॅक्टर म्हणतात. या लेखात आपण तिला नुसता गुणक म्हणू आणि ‘ग’ या अक्षराने दाखवू.

म्हणजे विस्तारण पुरते सांगायचे तर दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. किती पट? आणि कोठून? बहुतेक घोटाळे पहिल्या प्रश्नाच्या घाईत दुसरा विसरल्याने होतात.

आता आलेखकागद घेऊ. सर्वांत सोपी स्थिती अशी की केंद्र आरंभबिंदूवरच, म्हणजे (०, ०) येथे आहे. मग नियम अगदी सरळ होतो: (क्ष, य) हा बिंदू (ग × क्ष, ग × य) येथे जातो. दोन्ही निर्देशकांना एकाच संख्येने गुणायचे. उलट जायचे असेल, म्हणजे गुणक शोधायचा असेल, तर नव्या निर्देशकाला जुन्या निर्देशकाने भागायचे. उदाहरणार्थ, (४, ६) हा बिंदू (१०, १५) येथे गेला. १० भागिले ४ म्हणजे २.५, १५ भागिले ६ म्हणजेही २.५. दोन्ही उत्तरे जुळली, म्हणून गुणक २.५. एखादा निर्देशक शून्य असेल, तर त्याने भागता येत नाही; तेव्हा दुसऱ्यावर काम भागवायचे.

गुणकाचा स्वभावही येथेच पाहून घेऊ. तो १ पेक्षा मोठा असेल तर आकृती वाढते. ० आणि १ यांच्यामध्ये असेल तर आकृती केंद्राकडे आक्रसते. बरोबर १ असेल तर काहीच हलत नाही. गुणक ऋण असेल तर? तेव्हा प्रतिमा केंद्राच्या पलीकडच्या बाजूला, उलटी पडते. पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून मागच्या बाजूला तेलकट कागद लावला, की त्या कागदावर समोरचे झाड उलटे दिसते. हा प्रयोग आपण शाळेत केलेला असतो. टाचणीचे भोक हे तेथील केंद्र. झाड भोकापासून १० मीटर पुढे आणि कागद २० सेंटिमीटर मागे असेल, तर गुणक ऋण ०.०२ येतो. ६ मीटर उंच झाड कागदावर १२ सेंटिमीटरचे होते, आणि शेंडा खाली येतो तो त्या ऋण चिन्हामुळे.

येथवर काही अवघड नाही. पण केंद्र नेहमीच आरंभबिंदूवर येऊन बसत नाही. फसण्याचे पहिले ठिकाण हेच. समजा, केंद्र (२, १) येथे आहे आणि (५, ३) हा बिंदू (११, ७) येथे गेला आहे. सवयीने आपण ११ ला ५ ने भागतो, २.२ येतात, ७ ला ३ ने भागतो, २.३३ येतात. दोन उत्तरे जुळत नाहीत. काही जण त्यांची सरासरी काढतात, काही जण पहिले उत्तर लिहून मोकळे होतात. वास्तविक ही न जुळणारी उत्तरे आपल्याला सांगत असतात की, तुम्ही चुकीच्या जागेवरून मोजता आहात. ५ हा आकडा आरंभबिंदूपासूनचे अंतर सांगतो, आणि विस्तारण तर (२, १) पासून झाले आहे. म्हणून आधी केंद्राचे निर्देशक वजा करायचे आणि मग भागायचे:

(११ − २) भागिले (५ − २) = ९ भागिले ३ = ३.
(७ − १) भागिले (३ − १) = ६ भागिले २ = ३.

गुणक ३. एका वाक्यात सांगायचे तर, केंद्रापासूनचे नवे अंतर भागिले केंद्रापासूनचे जुने अंतर. केंद्र आरंभबिंदूवर असते तेव्हा वजाबाकी शून्याची असल्यामुळे ती दिसत नाही, आणि न दिसणारी पायरी माणूस विसरतो.

याच पायरीचे एक जुने रूप आपल्याकडे आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) छायाव्यवहार नावाचे एक प्रकरण आहे. त्यात दिवा, उभा शंकू आणि शंकूची जमिनीवर पडणारी सावली यांचे हिशेब आहेत. त्या हिशेबाला आपण निर्देशकांचा पोशाख चढवून पाहू. आकडे माझे आहेत. दिव्याच्या खांबाचा पायथा आरंभबिंदूवर धरू. दिवा ९ फूट उंचीवर, म्हणजे (०, ९) येथे आहे. खांबापासून ४ फुटांवर ६ फूट उंचीचा माणूस उभा आहे; त्याचे डोके (४, ६) येथे. डोक्याच्या सावलीचे टोक जमिनीवर कोठे पडेल? केंद्र आहे दिवा. दिव्यापासून डोके ३ फूट खाली आहे आणि जमीन ९ फूट खाली. म्हणून गुणक ९ भागिले ३, म्हणजे ३. आडवे अंतर ४ होते, त्याचे १२ झाले. सावलीचे टोक खांबापासून १२ फुटांवर पडेल, आणि माणूस ४ फुटांवर उभा असल्याने त्याची सावली ८ फूट लांब होईल. यात कोणी ९ ला ६ ने भागून दीड हा गुणक काढला असता, तर त्याने अंतर दिव्यापासून मोजण्याऐवजी जमिनीपासून मोजले असते.

आता त्याहून एक पायरी पुढे जाऊ. पुष्कळदा आपल्या हाती मूळ आकृती असते, प्रत असते, पण केंद्राचा पत्ताच नसतो. अशा वेळी एका बिंदूवर काम भागत नाही, दोन घ्यावे लागतात. प (१, २) आणि फ (४, ६) हे दोन बिंदू आहेत. प्रतीत ते अनुक्रमे (३, १) आणि (९, ९) येथे गेले आहेत. प पासून फ पर्यंत जाताना क्ष मध्ये ३ आणि य मध्ये ४ ची वाढ होते. प्रतीत क्ष मध्ये ६ आणि य मध्ये ८ ची वाढ होते. ६ भागिले ३ म्हणजे २, ८ भागिले ४ म्हणजे २. गुणक २. केंद्र ठाऊक नसूनही गुणक हाती आला, कारण दोन बिंदूंमधील फरक घेताना केंद्र आपोआप वजा होऊन जाते. अंतराच्या सूत्रानेही हेच येते: मूळ अंतर ५, प्रतीतले १०. मात्र अंतर नेहमी धन असल्याने आकृती उलटी झाली आहे की नाही, हे अंतरावरून कळत नाही. निर्देशकांच्या फरकावरून ते कळते. फरक ऋण ६ आणि ऋण ८ आले असते, तर गुणक ऋण २ झाला असता.

गुणक सापडला की केंद्रही सापडते. मूळ बिंदूच्या निर्देशकांना गुणकाने गुणा, त्यातून प्रतीतील बिंदूचे निर्देशक वजा करा, आणि उरलेल्याला (ग − १) ने भागा. वरच्या उदाहरणात प पासून (२ − ३, ४ − १), म्हणजे (−१, ३) येते. येथे ग − १ हा १ असल्याने भागण्याने फरक पडत नाही. फ पासून (८ − ९, १२ − ९), म्हणजे तेच (−१, ३) येते. दोन्हीकडून एकच केंद्र मिळाले, म्हणजे हिशेब बरोबर. गुणक १ आला तर मात्र शून्याने भागावे लागेल, आणि ते शक्य नाही. त्याचा अर्थ असा की आकृती मोठीही झाली नाही आणि लहानही झाली नाही, फार तर नुसती सरकली. सरकण्याला केंद्र नसते.

आपण मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटे ठेवून ती फाकवतो आणि छायाचित्र मोठे होते, त्यामागेही हेच दोन बिंदूंचे गणित आहे. बोटे टेकवली तेव्हाचे त्यांच्यातील अंतर आणि फाकवल्यानंतरचे अंतर यांचा भागाकार म्हणजे गुणक. म्हणूनच हे काम एका बोटाने होत नाही.

आता आजोळची हकीकत. गावातल्या दोन सख्ख्या भावांची शेताची वाटणी व्हायची होती. गावातले सगळेच वडीलधारे मला मामा. तेव्हा हे थोरले मामा आणि धाकटे मामा. शेताच्या नकाशाची मूळ नक्कल धाकट्या मामांच्या पेटीत होती. तिच्यावर प्रमाण छापलेले होते, १ : १०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर १० मीटर. थोरल्या मामांकडे होती त्या नकलेची झेरॉक्स. मोठा कागद लहान कागदावर बसावा म्हणून दुकानदाराने ती लहान करून काढली होती. नकाशासोबत ‘१ : १०००’ हा मजकूरही तसाच उमटला होता. थोरल्या मामांनी नातवाची मोजपट्टी घेतली आणि आपले शेत मोजले. लांबी ७.१ सेंटिमीटर, रुंदी ५.७ सेंटिमीटर. म्हणजे ७१ मीटर गुणिले ५७ मीटर, सुमारे ४० आर. सातबाऱ्यावर त्याच शेताचे क्षेत्र होते ८० आर. निम्मे शेत गेले कोठे? धाकट्याने नकाशा बदलून आणला, असा त्यांनी मनाशी ठाम ग्रह करून घेतला. एका आवारात राहणारी दोन घरे तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हती.

सुट्टीत मी तेथे गेले असताना हा प्रकार कानावर आला. मी भूगोलाची विद्यार्थिनी असल्याने थोरल्या मामांनी तो कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, “पोरी, तूच बघ. कागद काय खोटं बोलंल व्हय?”

मी धाकट्या मामांकडून मूळ नक्कल मागून आणली आणि दोन्ही कागद एकेक करून प्रात्यक्षिकाच्या वहीतल्या आलेखकागदावर ठेवले. दोन्ही नकाशांवर नक्की ओळखता येतील आणि एकमेकांपासून शक्य तितके दूर असतील, असे दोन बिंदू हवे होते. एक घेतली विहीर आणि दुसरे देऊळ. दूरचे बिंदू घेण्याला कारण आहे. मोजपट्टीवर एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. १० मिलिमीटरच्या अंतरात तो दहा टक्के होतो. १३० मिलिमीटरच्या अंतरात तो एक टक्काही होत नाही. मूळ नकाशावर विहीर (२, ३) आणि देऊळ (१४, ८) येथे आले. फरक १२ आणि ५, म्हणजे अंतर १३ सेंटिमीटर. झेरॉक्सवर विहीर (१, १.५) आणि देऊळ (९.५, ५.१) येथे आले. फरक ८.५ आणि ३.६, म्हणजे अंतर सुमारे ९.२ सेंटिमीटर. ९.२ भागिले १३ म्हणजे ०.७१. आडव्या फरकांचा भागाकारही ०.७१ आणि उभ्या फरकांचा ०.७२, हाताने मोजताना एवढे इकडेतिकडे व्हायचेच. मग शेताच्या कोपऱ्यांच्या आणखी दोन जोड्या घेतल्या. त्यांचेही उत्तर ०.७१ च्या आसपासच आले.

ही शेवटची पडताळणी टाळू नये. कागद ओलाव्याने एका बाजूला ताणला गेला असेल किंवा यंत्रात तिरपा सरकला असेल, तर वेगवेगळ्या जोड्या वेगवेगळे गुणक देतात. तसे झाले तर ती प्रत विस्तारणच नव्हे, आणि तिच्यावरून कोणतेही एक प्रमाण काढता येत नाही. सगळ्या जोड्यांचे गुणक जुळले, तर आकृतीत कोणी ढवळाढवळ केलेली नाही, ती सरसकट लहान झाली आहे. येथे गुणक जुळत होते. नकाशा बदललेला नव्हता.

०.७१ हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. ए-३ मापाचा कागद ए-४ मापावर आणताना झेरॉक्सचे यंत्र ७१ टक्के दाखवते. २ च्या वर्गमुळाने १ ला भागले की ०.७०७ येतात, तोच हा आकडा. या कागदांची मापेच अशी ठरवलेली आहेत की, ए-३ मधोमध दुमडला की ए-४ होतो.

थोरल्या मामांना मात्र एक गोष्ट पटेना. “एक्काहत्तर टक्के म्हणजे शंभरातले एकोणतीस गेले. माझे तर पन्नास गेलेत!” शंका रास्त होती. फसण्याचे दुसरे ठिकाण ते हेच. गुणक हा लांबीचा असतो. शेताची लांबी ०.७१ पट झाली आणि रुंदीही ०.७१ पट झाली. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, म्हणून ते ०.७१ गुणिले ०.७१, म्हणजे सुमारे ०.५० पट झाले. निम्मे! आलेखकागदावर हे एका त्रिकोणात दिसते. (०, ०), (४, ०) आणि (०, ३) या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६ चौरस एकक आहे. आरंभबिंदूपासून गुणक ३ ने तो वाढवला की शिरोबिंदू (०, ०), (१२, ०) आणि (०, ९) होतात आणि क्षेत्रफळ होते ५४. सहाच्या नऊपट, म्हणजे ३ च्या वर्गाइतके.

मग त्या झेरॉक्सचे खरे प्रमाण काय? १००० ला ०.७१ ने भागले, सुमारे १४०८ आले. म्हणजे त्या कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर १० मीटर नसून १४.०८ मीटर होता. ७.१ ला १४.०८ ने गुणले की १०० मीटर, आणि ५.७ ला गुणले की ८० मीटर. शंभर गुणिले ऐंशी, ८००० चौरस मीटर, ८० आर. सातबाऱ्यावरचा आकडा. मी म्हटले, “मामा, कागद खोटा नाही. त्याच्यावर लिहिलेलं प्रमाण दुसऱ्या कागदाचं आहे.” मामांनी सगळा गुणाकार स्वतः पुन्हा एकदा करून पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग नातवाला हाक मारून धाकट्याला बोलावून आणायला सांगितले. वाटणी पुढे रीतसर मोजणी करूनच झाली आणि ते योग्यच झाले. माझ्या आलेखकागदावर बांध घालता येत नाही. पण त्या कागदामुळे तीन महिन्यांचा संशय गेला.

नकाशावर प्रमाण दोन तऱ्हांनी देतात, त्याचे मर्म मला त्या दिवसानंतर अधिक कळले. एक आकड्यांत, जसे १ : ५०,०००. दुसरे रेषेने, म्हणजे खाली एक पट्टी काढून तिच्यावर ०, १, २ किलोमीटर अशा खुणा करतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० च्या स्थलदर्शक नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तो ७१ टक्के लहान करून काढला, तर छापलेले ५०,००० तसेच राहतात. खरे प्रमाण मात्र सुमारे १ : ७०,४०० होते. रेषेच्या प्रमाणाचे तसे नाही. नकाशा लहान झाला की ती पट्टीही त्याच गुणकाने लहान होते आणि खरी राहते. वर्गातल्या भिंतीवर प्रोजेक्टरने तोच नकाशा टाकला, तरी ती पट्टी नकाशाबरोबर वाढते. म्हणून ज्या नकाशाच्या प्रती निघणार, त्याच्यावर रेषेचे प्रमाण असलेच पाहिजे. आपल्या प्रकल्पवहीत नकाशा चिकटवतानाही मूळ कागदावरची पट्टी कात्रीने कापून टाकू नये.

जुने एक इंच म्हणजे एक मैल या मापाचे नकाशे १ : ६३,३६० प्रमाणाचे असत, कारण एका मैलात ६३,३६० इंच असतात. असा जुना नकाशा आणि आजचा १ : ५०,००० चा नकाशा शेजारी ठेवून एखाद्या तलावाची तुलना करायची असेल, तर आधी गुणक काढावा लागतो. ६३,३६० भागिले ५०,००० म्हणजे सुमारे १.२७. तलावात काहीही बदल झालेला नसला, तरी नव्या नकाशावर तो १.२७ पट लांब आणि सुमारे १.६ पट क्षेत्रफळाचा दिसेल. हे न पाहता कोणी ‘तलाव वाढला’ असा निष्कर्ष काढला, तर तो तलावाविषयी नसून कागदाविषयीचा निष्कर्ष ठरेल.

लांबीला गुणक आणि क्षेत्रफळाला त्याचा वर्ग, तर घनफळाला काय? घन. याचे एक सुरेख उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना घरचेच आहे. जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) लिलिपुटचे गणिती गलिव्हरची उंची मोजतात. ती त्यांच्या बारापट भरते. त्यावरून ते ठरवतात की, याला रोज १७२८ लिलिपुटवासीयांचे अन्न द्यावे लागेल. काही आवृत्त्यांत हा आकडा १७२४ असा छापलेला आढळतो. पण १२ गुणिले १२ गुणिले १२ म्हणजे १७२८च. बारापट उंच माणसाला बारा जणांचे जेवण वाढले असते, तर बिचारा उपाशी मेला असता. मूर्तिकारालाही हा हिशेब चुकवता येत नाही. २ फुटांच्या नमुन्यावरून त्याच घडणीची १२ फुटांची मूर्ती करायची, तर गुणक ६. रंग लागेल ३६ पट, आणि भरीव मूर्ती असेल तर वजन होईल २१६ पट.

एवढ्या सगळ्यातून ध्यानात ठेवायचे ते थोडे आहे. केंद्र माहीत असेल तर ते आधी वजा करा, मग भागा. केंद्र माहीत नसेल तर दूरदूरचे दोन बिंदू घ्या आणि फरकांना भागा. आणखी एका जोडीने पडताळा पाहा. आणि क्षेत्रफळाचा प्रश्न असेल तर गुणकाचा वर्ग करायला विसरू नका. याला लागतो तो एक आलेखकागद, एक मोजपट्टी आणि शाळेतला भागाकार. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पेटीत कोठेतरी नकाशाची एखादी प्रत, प्रतीची प्रत पडलेली असते, आणि तिच्यावर घरातल्यांचा फार मोठा विश्वास असतो. तो कागद वाचता येणारे घरात एक तरी माणूस असावे, आणि ते कला शाखेचे असायला काहीच हरकत नाही.

वाचकांसाठी जाता जाता एक उदाहरण देते. (३, ४) हा बिंदू (७, १०) येथे गेला आणि (५, १) हा (११, ४) येथे. गुणक शोधा आणि केंद्रही शोधा. हिशेब बरोबर असेल, तर केंद्र तिसऱ्या चरणात सापडेल.